गरीब घोडी

घोडी हलली नव्हती. कानसुद्धा हलला नव्हता. चिकूच्या झाडाखाली बांधलेली ती राखी रंगाची घोडी चारही पायांवर सारखा भार टाकून, समोर कुठेच न बघता उभी होती, आणि बन्सीच्या हातातल्या रेडिओत तिचं काळीज एकाएकी पळायला लागलं होतं. मघापर्यंत टक्... टक्... असा संथ आवाज येत होता, घड्याळ लावून मोजला तर मिनिटाला छत्तीस. मग खोगिरांच्या खोलीचं दार वाजलं, घोडे तयार करणारे म्हातारे रिसालदार खांद्यावर खोगीर घेऊन बाहेर आले आणि आवाजांमधलं अंतर मिटत गेलं. बन्सीनं पंधरा सेकंद मोजली. अठ्ठावीस. चोक एकशेबारा. त्याला वाटलं, मोजताना चुकलो. परत मोजलं. तोवर रिसालदार जवळ पोचले होते, आणि आता मोजायलाही जमेना. तापलेल्या तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा रेडिओ तडतडत होता. रिसालदारांनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला. "काय बेटी?" ते म्हणाले. घोडी तशीच उभी. त्यांनी खोगीर चढवलं, पोटाखालचा तंग आवळला, लगाम तोंडात दिला. तिनं तोंड उघडलं, लगाम घेतला, तोंड मिटलं. "बघितलंत का?" रिसालदार मागे वळून कौतुकानं म्हणाले, "हिच्यासारखी गरीब घोडी सबंध मुंबईत दावा. उडी आली की उडी. कधी अडली न्हाय." बन्सीनं खटका दाबून रेडिओ बंद केला. "सेट बिघडलाय," तो म्हणाला. "घरी नेऊन बघतो."

असं म्हणताना त्याच्या मनात काहीतरी आलं आणि गेलं. काय आलं ते त्याला कळलं नाही, किंवा कळूनही त्यानं तिकडे पाहिलं नाही. न पाहण्याची त्याला सवय होती. औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात तो इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होता. दाब, तापमान, पातळी दाखवणारे काटे दुरुस्त करायचे, जुळवायचे, बदलायचे, हे त्याचं अकरा वर्षांचं काम. परभणीकडून आलेला, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. मॅनेजर त्याच्याबद्दल इतरांना सांगताना 'थंड डोक्याचा' असं म्हणत. कारखान्याच्या मालकांना घोड्यांचा शौक होता. पाम आणि चिंचणी या गावांच्या मधल्या एका चिकूच्या वाडीत त्यांचे सहा घोडे असत, अडथळ्यांवरून उड्या मारायच्या स्पर्धांसाठी तयार होत, आणि दर हिवाळ्यात ट्रकमधून मुंबईला जात. त्या घोड्यांवर स्पर्धेचा किती ताण पडतो हे मोजायला डॉक्टर नर्मदा सावे यंदा दिवाळीनंतर येऊन राहिल्या होत्या. मूळच्या चिंचणीच्याच, मुंबईला जनावरांच्या कॉलेजात शिकलेल्या, पुढची परीक्षा देत असलेल्या. पळत्या घोड्याचे ठोके मोजता येतील असं काहीतरी बनवून देणारा माणूस त्यांना हवा होता. मॅनेजरनी बन्सीला दोन महिन्यांसाठी दिला. "जरा मोकळ्या हवेत जा," ते म्हणाले होते, आणि त्यांनी बन्सीच्या डोळ्यांत न बघता कागदावर सही केली होती.

बन्सीला ते काम आवडलं होतं, इतकं की आवडल्याचं त्यालाच आश्चर्य वाटे. त्यानं पितळेच्या दोन चकत्या घासून गुळगुळीत केल्या, त्या स्पंजात बसवल्या, स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवून घोडीच्या छातीखाली रुंद पट्ट्यानं बांधला. पट्ट्यावर साबणाच्या डबीएवढा ट्रान्समीटर. तिकडे ठोका पडला की इकडे हातातल्या रेडिओत टक्. पहिल्या दिवशी आवाज आला तेव्हा डॉक्टर सावे लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या होत्या. आणि लाडकी, तबेल्यातलं सगळं करणारी, गवत आणणारी, लीद काढणारी, घोड्यांच्या अंगावरून ब्रश फिरवता फिरवता त्यांच्याशी दिवसभर बोलणारी, पदराला हात पुसत जवळ आली होती. "भाऊ, यावर गानी नाय लागत?" "नाही लाडकीबाय. यावर फक्त घोडी लागते." लाडकीनं रेडिओला कान लावला. बराच वेळ ऐकलं. तिच्या चेहऱ्यावरची थट्टा हळूहळू विरून गेली. "ही बाय हाय?" तिनं विचारलं. घोडीचं कागदावरचं नाव इंग्रजी होतं, लांबलचक. लाडकी तिला नुसतं बाय म्हणायची. "हो, बायच आहे." "केवडी सावकास बोलते बगा," लाडकी म्हणाली, आणि पुढं होऊन तिनं घोडीच्या कपाळाला कपाळ लावलं. रेडिओतला आवाज आणखी थोडा संथ झाला. चौतीस. बन्सीनं वहीत लिहिलं. लिहिताना त्याला उगीचच बरं वाटलं होतं, कोणी आपल्याच केसांतून हात फिरवल्यासारखं.

आणि आज एकशेबारा, तेही उभ्या घोडीचे. पळत्या घोडीचे दीडशे, उडीनंतर एकशेऐंशी, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते समजण्यासारखं होतं. पण सावलीत उभी असलेली, माशीसुद्धा न उडवणारी घोडी? संध्याकाळच्या एसटीत सेटची पिशवी मांडीवर घेऊन तो सरावलीला घरी निघाला तेव्हा हाच विचार त्यानं नीट, क्रमानं केला. मिठाचं पाणी वाळलं असेल. पट्टा सैल झाला असेल. खोगीर चढवताना चकती केसांवर घासून खोटे आवाज आले असतील. पण आवाज वाढला तो खोगीर लांब असतानाच, हे त्याला आठवलं, आणि ते त्यानं बाजूला ठेवलं. बिघाड आधी यंत्रात शोधायचा, मग बाहेर, असं त्याला शिकवलं होतं. एसटी वसाहतीच्या रस्त्याला लागली आणि काचेतून तो ओळखीचा वास आत आला, आंबट, जिभेवर बसणारा. पिशवीवरचे त्याचे हात घट्ट झाले. सेट पडू नये म्हणून झाले असतील, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवणं झाल्यावर त्यानं चटई अंथरली, सेट उघडला, जोड तपासले, बॅटरी बदलली. कुठेच काही नव्हतं. रखमा समोर बसून मेथी निवडत होती. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. दोघांत मूल नव्हतं, त्याचं दुःख बोलून बोलून संपलं होतं आणि आता एक शांतता होती, जी त्याला सुखाची वाटायची. रखमाला ती कशी वाटते हे त्यानं विचारलं नव्हतं. "मला बांध बरं हा पट्टा," तो म्हणाला. "आता तुम्हीच घोडा होता का?" ती हसली, पण उठून आली, सदरा वर करून तिनं ओल्या चकत्या त्याच्या छातीवर टेकवल्या. गार पाण्याचा ओघळ पोटावरून गेला. टक्, टक्, टक्. बाहत्तर. सेट अगदी बरोबर होता. "तुमचं तर घड्याळासारखं चालतंय की," रखमा म्हणाली आणि परत मेथीकडे वळली. खोलीत काही वेळ नुसता तो आवाज आणि काड्या मोडल्याचा आवाज. उन्हाचा एक पट्टा फरशीवर. त्याला डुलकी येऊ लागली होती.

तेवढ्यात तीनचा भोंगा झाला. रोज होतो, पाळी बदलायचा भोंगा, सरावलीच्या प्रत्येक घरात ऐकू येतो, कुणी मान वर करत नाही. बन्सीनंही केली नाही. त्याचे हात मांडीवर होते तसेच होते, चेहरा होता तसाच होता. फक्त चटईवरचा रेडिओ तडतडायला लागला. आधी त्याला कळलंच नाही की हे आपण आहोत. तो त्या आवाजाकडे परक्यासारखा बघत राहिला. भोंगा संपला तरी रेडिओ थांबेना. रखमाच्या हातातली जुडी तशीच राहिली. तिनं रेडिओकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, त्याच्या स्वस्थ बसलेल्या तोंडाकडे. "अहो," ती म्हणाली, "हे तुमचं हाय?" त्यानं छातीवरच्या पट्ट्याकडे पाहिलं. "रोज असंच होतं?" "मला काय माहीत," तो म्हणाला, आणि हे खरं होतं. ती गुडघ्यांवर सरकत आली, पालेभाजीचे हिरवे हात तसेच पुढं करून तिनं त्याचा चेहरा धरला. "कवापासनं?" तिनं विचारलं. त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आधी आवाज नाही, नुसतं पाणी आलं, डोळ्यांतून, नाकातून.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्याआधीचा कारखान्यातला तो स्फोट सगळ्यांना ठाऊक होता. त्यात झिपरू गेला हेही. झिपरू हेल्पर होता, डोंगरातल्या पाड्यावरून यायचा, भात लावणीला महिनाभर नाहीसा व्हायचा आणि परत येताना बन्सीसाठी रानातली करटोली आणायचा. रखमाला हे सगळं माहीत होतं. स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी बन्सी नेहमीच्या वेळी डबा घेऊन कामावर गेला, याचं चाळीत सगळ्यांनी कौतुक केलं होतं, तिनंही. जे कुणालाच माहीत नव्हतं ते तो आता सांगत होता, फरशीकडे बघत, मध्येच थांबत, एकच वाक्य दोनदा म्हणत. त्या दिवशी टाकीवरचा दाबाचा काटा लाल रेघेच्या पुढं गेला होता. सुपरवायझर म्हणाला, गेज बिघडलंय, बदलून टाक. बन्सीनं काट्याकडे बघितलं. काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. "मलापण वाटलं बिघडलंय," तो म्हणाला. "त्यानं सांगितलं म्हणून नव्हे, रखमा. मलाच वाटलं. चारच महिन्यांपूर्वी मी ते गेज जुळवलं होतं, चांगलं होतं, तरी मला वाटलं." नवीन गेज आणायला तो स्टोअरमध्ये गेला. झिपरूला म्हणाला, इथं थांब, पाना धर, आलोच. स्टोअरकीपर रजिस्टर शोधत होता तेव्हा जमीन हादरली. मग भोंगा. तो सबंध दिवस मग भोंगाच होता. "काटा खरं सांगत होता," बन्सी म्हणाला. "आणि काल मी परत तेच बोललो. सेट बिघडलाय म्हणालो."

 रखमानं त्याच्या छातीवरचा पट्टा सोडला, ओल्या चकत्यांच्या जागा पदरानं पुसल्या. तिच्या मनात काय चाललं असेल याची त्याला भीती वाटत होती. आता ही उठून आत जाईल, किंवा जाऊ द्या म्हणेल, आणि दोन्ही त्याला सहन होणार नव्हतं. ती उठली नाही. "त्या दिवसापासनं दीड वर्षं म्या तुमच्या शेजारी निजते," ती म्हणाली, "आन् मला वाटायचं तुम्हाला काई लागतच नाई. झिपरूभाऊचंबी लागलं नाई. मला राग यायचा तुमचा." "मग बोलली का नाहीस?" "तुम्ही बोललात?" मग तिनं विखुरलेली मेथी गोळा करायला घेतली, आणि करता करता, जणू चहाबद्दल सांगावं तशी म्हणाली, "उद्या जाऊन त्या घोडीचं काय हाय ते खरं खरं सांगा. तिला तर तोंडबी नाई."

सोमवारी सकाळी वाडीत धुकं होतं, चिकूच्या पानांवरून थेंब गळत होते. डॉक्टर सावे तबेल्याच्या पायरीवर चहा पीत बसल्या होत्या. बन्सीनं त्यांच्या पुढ्यात वही ठेवली. छत्तीस, मग एकशेबारा, मग मोजता न आलेले. "सेट तपासला. नीट आहे." डॉक्टरांनी कप खाली ठेवला. खोलीतून त्यांनी एक लिफाफा आणला. मुंबईला बर्फात घालून पाठवलेल्या रक्ताचे निकाल शुक्रवारीच आले होते. भीती वाटली, थकवा आला, दुखलं, की रक्तात एक द्रव्य वाढतं. सहा घोड्यांत ते सगळ्यात जास्त कुणात होतं, तर हिच्यात. खिंकाळणाऱ्या, लाथा झाडणाऱ्या, लाडकीच्या पदराचे लचके तोडणाऱ्या तांबड्या घोड्यात निम्मंसुद्धा नव्हतं. "मी काय समजले माहितेय?" डॉक्टर म्हणाल्या. "नमुना बिघडला. परत रक्त घ्यायचं ठरवून गप्प बसले." दोघं एकमेकांकडे बघून कसनुसं हसले. "जो ओरडतो त्याचं आपल्याला कळतं हो," त्या म्हणाल्या. "हिनं काही करायचंच सोडून दिलंय. अडून उपयोग नाही, पळून उपयोग नाही, हे तिला कधीतरी कळलं असणार. असा घोडा एक दिवस उडीच्या मधोमध कोसळतो आणि मग सगळे म्हणतात, काल तर चांगला होता." जानेवारीच्या स्पर्धेला पाच आठवडे उरले होते. मालकांना लिहायचं ते त्या लिहिणार होत्या. पण त्याआधी रिसालदारांना सांगायला हवं होतं, आणि ते कसं, हे दोघांनाही सुचत नव्हतं.

रिसालदार मारुती जाधव साताऱ्याकडचे, पलटणीत तीस वर्षं घोड्यांत काढलेले, पासष्टीचे. बायको वारलेली, मुलगे आपापल्या ठिकाणी. पहाटे उठून ते आधी घोडीकडे जात, मग चहा. तिच्या खुरांना तेल स्वतः लावत. त्यांनी डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या हाईसा. पर ह्या जनावराला माझं भ्या? मी अजून चाबूक उगारला न्हाय तिच्यावर. इथं आली तवा उडी बघितली की मागं फिरायची. पयल्या मालकानं मारून मारून बिघडवलेली. मी एका महिन्यात सरळ केली. एका महिन्यात. त्यावर आजपातूर एकदा अडली असंल तर नाव बदला माझं." त्यांचा आवाज चढला नव्हता.   मग बन्सीच्या हातून जे झालं ते त्यानं ठरवून केलं नव्हतं. त्यानं रेडिओ पुढं केला. "रिसालदारसाहेब, मी सांगत नाही. डॉक्टरबाईही सांगणार नाहीत. तुम्ही हा कानाला लावा आणि तिच्याकडे चालत जा. खोगीर नको, काही नको. नुसते जा."

घोडी वाडीच्या त्या टोकाला, छातीखाली तो पट्टा लावून, बांधलेली होती. लाडकी तिच्या मानेशी उभी राहून आयाळीतले काटे काढत होती. धुकं सरून कोवळं ऊन आलं होतं. रिसालदारांनी रेडिओ कानाला लावला. पहिल्यांदा त्यांना ते आवडलं, हे चेहऱ्यावर दिसलं. इतकी वर्षं हात फिरवला त्या छातीच्या आतलं ऐकायला मिळत होतं. "वा," ते म्हणाले. लाडकी बाजूला झाली. रिसालदार निघाले. त्यांची चाल अजून पलटणीतली, टाच वाजणारी. दहा पावलांवर त्यांची मान किंचित वाकडी झाली. पंधरा पावलांवर ते सावकाश चालू लागले. घोडी तशीच उभी होती, कान स्थिर, नजर समोर, गरीब. विसाव्या पावलावर रिसालदार थांबले. बन्सीला इतक्या लांबून काही ऐकू येत नव्हतं, पण ऐकायची गरज नव्हती. ते तडतडणं त्याच्या बरगड्यांत होतंच. रिसालदारांनी एक पाऊल मागे घेतलं. मग आणखी एक. थांबून ऐकलं. परत एक पाऊल पुढे टाकून पाहिलं, आणि ते टाकताच झटकन मागे ओढून घेतलं. नंतर ते मागे मागेच येत राहिले, पाठ न फिरवता, घोडीकडे बघत, चिकूच्या बुंध्याला पाठ टेकेपर्यंत. तिथं खाली बसले. रेडिओ कानालाच. किती वेळ गेला कुणास ठाऊक. लाडकी पुढं व्हायला लागली तेव्हा त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. "कमी हुतंय," ते म्हणाले. "थांब. अजून कमी हुतंय."

संध्याकाळी त्यांनी बन्सीला आपल्या खोलीत बोलावलं. खुंटीवर लगाम टांगलेले होते, त्यांतला एक त्यांनी काढून त्याच्या हातात दिला. तोंडात जायची सळई पिळाची होती, कडा धारदार. "ह्यानं," ते म्हणाले. "मारलं न्हाय. मारायला लागतच न्हाय ह्यानं. मला असंच शिकवलेलं, मी पन्नास पोरांस्नी शिकवलं. म्हैनाभर हा घातला, मग साधा. मला वाटलं, इसरली. आन् बेटी म्हणतोय मी तिला." बन्सीला वाटलं काहीतरी बोलावं, त्या काळात हेच बरोबर मानत, तुमचा हेतू वाईट नव्हता, असलं काही. ही वाक्यं त्यालाही लोकांनी दिली होती. त्यानं ती दिली नाहीत. लगाम हातात धरून तो जवळच्या खाटेवर बसून राहिला. नंतर, का कोण जाणे, त्यानं रिसालदारांना काट्याचं सांगितलं, झिपरूचं सांगितलं. रिसालदारांनी ऐकलं आणि उठून दोघांसाठी चहा टाकला.

डॉक्टर सावेंचं पत्र मालकांना गेलं. मालक नाराज झाले, दोनदा फोन आला, शेवटी स्पर्धेला तांबडा घोडा गेला आणि चौथा आला. घोडी विकायची गोष्ट निघाली तेव्हा रिसालदार म्हणाले, ती जाईल त्या ट्रकात मीही बसेन. मग ती गोष्ट तिथंच राहिली. दोन महिने संपले. डॉक्टर सेट घेऊन मुंबईला गेल्या, बन्सी कारखान्यात परतला. भोंग्याचं त्याला आता कळायचं. तीन वाजले की तो हातातलं काम खाली ठेवून उभा राहायचा, लोक बघायचे, बघू देत. एका रविवारी रखमा त्याला घेऊन झिपरूच्या पाड्यावर गेली. दाराला कडी होती. झिपरूची बायको नवसी वीटभट्टीवर गेली होती, होळीला येईल, शेजारच्यांनी सांगितलं. रखमानं नेलेले लाडू त्यांच्याकडे ठेवले. उतरताना ती म्हणाली, होळीला येऊ परत. बन्सी हो म्हणाला.

त्याच रविवारी दुपारी, परतताना, ती म्हणाली की मला ती घोडी दाखवा. ते वाडीत पोचले तेव्हा सगळीकडे सामसूम होती. तबेल्याच्या दारात लाडकी उकिडवी बसली होती. त्यांना बघताच तिनं तोंडावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं, घाईघाईनं, जवळ या अशी खूण केली. तिचे डोळे नुसते चमकत होते. "वहाना काडा," ती कुजबुजली. "चार वरसं मी हितं हाय, भाऊ. बाकीची लोळतात, घोरतात. ही कदी आडवी झाली नाय. उबीच झोपायची. रातचीपन उबी. आज बगा."

तिघं अर्ध्या दारावरून वाकले. आत गवताचा गोड वास होता, कौलातून ऊन गळत होतं. घोडी जमिनीवर पसरली होती, सगळीच्या सगळी, मान टाकून, पाय लांब सोडून, आणि तिचं पोट वरखाली होत होतं. झोपेत तिचा खालचा ओठ लोंबत होता. तिच्या पुढ्यात, भिंतीला टेकून, रिसालदार बसलेले. गेला महिनाभर ते रोज दुपारी तिथं रिकाम्या हातानं येऊन बसत, आधी दाराबाहेर, मग दारात, मग आत, हे लाडकीनं नंतर सांगितलं. घोडीचं डोकं त्यांच्या डाव्या पायावर होतं. ते वजन काही थोडं नव्हतं. रिसालदारांचा चेहरा लाल झाला होता, कपाळावर घाम होता, आणि ते श्वाससुद्धा जपून घेत होते. बन्सीला बघून त्यांनी नुसते ओठ हलवले.

"पाय मेलाय माझा."

"उठवू का तिला?" बन्सीनं तसंच, ओठांनीच विचारलं.

रिसालदारांनी असे डोळे वटारले की रखमाला पदराचा बोळा तोंडात धरावा लागला.